ऑर्कची रिकामी जागा: नव्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'चे परीक्षण

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या, टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रे रंगवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे सुधारित 'मॉन्स्टर मॅन्युअल', म्हणजे त्यातल्या राक्षसांचे आणि शत्रूंचे नोंदपुस्तक, १८ फेब्रुवारी २०२५ रोजी बाजारात आले. ३८४ पाने, पाचशेहून अधिक जीवांच्या नोंदी, नव्याने काढलेली शेकडो चित्रे असा त्याचा ऐवज आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथाचे समग्र परीक्षण एका लेखात उरकणे म्हणजे प्रत्येक पानावर घाईने बोट ठेवून पुढे जाणे होईल, म्हणून मी येथे फक्त गॉब्लिन हे खुजे, लबाड जीव आणि त्यांचे भाऊबंद हॉबगॉब्लिन व बगबेअर, तसेच ऑर्क हे धिप्पाड लढवय्ये यांच्यापुरते बोलणार आहे. या पुस्तकाची खरी कसोटी मला येथेच लागते असे वाटते. महाकाय ड्रॅगन आणि पाताळातले सरदार खेळात क्वचित येतात, बहुतेक कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या सलग कथा, तिथवर पोहोचण्याआधीच थांबतात. पहिल्या रात्री, पहिल्या वाटेवर, पहिल्या गुहेत खेळाडूंची गाठ पडते ती गॉब्लिनांशी आणि ऑर्कांशी. माझे मत आधीच सांगतो. गॉब्लिनांसाठी या पुस्तकाने जे केले आहे ते गेल्या पन्नास वर्षांतल्या कोणत्याही आवृत्तीपेक्षा सरस आहे. ऑर्कसाठी मात्र त्याने काहीच केलेले नाही. त्यांची नोंदच पुस्तकात नाही, आणि या न करण्यामागचा हेतू चांगला असला तरी तो निर्णय मला पटलेला नाही.

गॉब्लिनांपासून सुरुवात करू. २०१४ च्या पुस्तकात साधा गॉब्लिन आणि गॉब्लिन बॉस अशा दोनच नोंदी होत्या. आता मिनियन, वॉरियर, हेक्सर आणि बॉस अशा चार आहेत, आणि ही वाढ केवळ संख्येची नाही. मिनियन हा सर्वांत दुबळा, बहुधा एका फटक्यात पडणारा. त्यामुळे डंजन मास्टरला, म्हणजे कथा आणि शत्रू चालवणाऱ्याला, टोळीची गर्दी दाखवता येते आणि पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे नवख्या, पात्रांचा जीवही वाचतो. वॉरियर हा जुन्या गॉब्लिनचा वारस आहे, पण त्याचे हिट पॉइंट्स, म्हणजे इजा सोसण्याची ताकद, ७ वरून १० झाले आहेत, आणि त्याचा हल्ला अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा) असताना झाला तर आणखी एका चार पैलूंच्या फाशाची इजा होते. वाचताना हा बदल किरकोळ वाटतो. टेबलावर तो किरकोळ राहत नाही, कारण गॉब्लिनचे जुने वैशिष्ट्य, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली जादा छोटी कृती) वापरून पुन्हा लपणे किंवा निसटणे, हे तसेच ठेवलेले आहे. लपून केलेल्या हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज मिळतो, अ‍ॅडव्हांटेजमुळे इजा वाढते, म्हणून गॉब्लिन चालवणारा माणूस आपोआप त्यांना झुडपांत, पिंपांमागे, छताच्या तुळयांवर लपवू लागतो. गॉब्लिन लबाड असतात हे परिच्छेदात लिहिण्यापेक्षा लबाडी केल्यावरच फायदा होईल असा नियम करणे, याला मी चांगली रचना म्हणतो.

गॉब्लिन बॉसच्या नोंदीतली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. ती जुनीच आहे, आणि ती राखली याबद्दल कर्त्यांचे आभारच मानायला हवेत. बॉसवर वार होणार असे दिसले की तो प्रतिक्रिया म्हणून शेजारच्या लहान किंवा मध्यम आकाराच्या साथीदाराशी जागा बदलतो, आणि वार त्या बिचाऱ्यावर पडतो. कल्पना करा: लढवय्या कुऱ्हाड उगारून थेट म्होरक्यावर धावतो, खेळाडू फासा टाकतो, आकडा चांगला पडतो, आणि तेवढ्यात बॉस शेजारच्याची मानगूट धरून त्याला पुढे खेचतो. टेबलावर एकच गलका होतो. खेळाडू चिडतात, हसतात, आणि पुढच्या फेरीत सगळे मिळून त्या बॉसच्या मागे लागतात. गॉब्लिनांच्या समाजात सत्ता म्हणजे काय, बळ कोणाचे आणि मरण कोणाचे, हे त्या एका नियमात येते. काही फेऱ्यांनंतर उरलेले गॉब्लिनच बॉसकडे कसे पाहू लागले आहेत, याचा विचार डंजन मास्टरच्या मनात आपसूक सुरू होतो, आणि लढाईतून वाटाघाटीची शक्यता निघते.

सर्वांत मोठा बदल प्रकारातला आहे. २०१४ मध्ये गॉब्लिन ह्युमनॉइड होते, म्हणजे माणूस, एल्फ आणि ड्वार्फ यांच्याच वर्गात, आणि त्यांची वृत्ती न्यूट्रल ईव्हिल (स्वार्थी, दुष्ट) अशी दिली होती. आता ते फे या वर्गात आहेत, म्हणजे परीलोकाचे रहिवासी, आणि वृत्ती केऑटिक न्यूट्रल (स्वच्छंदी, ना भली ना दुष्ट) आहे. याची तयारी २०२२ च्या 'मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स' या पुस्तकात झाली होती. गॉब्लिन, हॉबगॉब्लिन आणि बगबेअर हे मुळात परीलोकातले, मॅग्लुबियेत या विजिगीषू देवाने त्यांना जिंकून आपल्या सैन्यात ओढले, अशी कथा तिथे मांडली होती. हा बदल वरवरचा आहे, जुन्या खेळाडूंना विनाकारण गोंधळात टाकणारा आहे, अशी टीका मी ऐकली आहे. मला ती मान्य नाही. गॉब्लिनांचा जुना इतिहास पाहिला तर ही घरवापसी आहे.

युरोपीय लोककथांतला गॉब्लिन सैनिक कधीच नव्हता. बाराव्या शतकात ऑर्डेरिक व्हिटालिस या इतिहासकाराने नॉर्मंडीतल्या एव्ह्रो परिसरात वावरणाऱ्या एका पिशाच्चाची हकिकत लिहून ठेवली आहे. लोक त्याला गोबेलिनस म्हणत. जर्मन प्रदेशातले कोबोल्ड घरात आणि खाणीत राहत, आणि धातू वितळवताना त्रास देणाऱ्या खनिजाचा दोष खाणकामगार त्यांच्या माथी मारत. कोबाल्ट या धातूचे नाव त्यातूनच आले. हे सारे खोडकर, कधी उपकारी, कधी जिवावर उठणारे, पण नेहमी एकेकटे किंवा लहान घोळक्यात असणारे जीव. क्रिस्टिना रोझेटीच्या १८६२ च्या 'गॉब्लिन मार्केट' या कवितेत ते फळे विकायला येतात आणि मोहात पाडतात, लुटायला येत नाहीत. पुढे १८७२ मध्ये जॉर्ज मॅकडोनाल्डच्या 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन'ने त्यांना डोंगराखाली नेले, त्यांना राजा दिला, राणी दिली, दरबार दिला, माणसांविरुद्धचा कट दिला. त्यांचे पाय मऊ असतात आणि त्यांना गाणी सहन होत नाहीत, ही त्या पुस्तकातली गंमत. मला त्याहून मोलाची वाटते ती तिथे सांगितलेली आख्यायिका: हे गॉब्लिन कधीकाळी जमिनीवरच माणसांसारखे राहत होते, राजाच्या जाचाला कंटाळून ते भूमिगत झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून त्यांचे रूप पालटले. म्हणजे आधुनिक गॉब्लिनच्या जन्मकथेतच हाकलून लावलेल्या लोकांची गोष्ट आहे. नव्या पुस्तकाने परीलोकातून ओढून आणलेल्या, एका देवाच्या फौजेत जुंपलेल्या लोकांची कथा पुढे केली आहे. ती या जुन्या धाग्याशी नकळत जुळते.

बगबेअरला या बदलाचा सर्वाधिक लाभ झाला आहे. लोककथेत बगबेअर हा मुलांना भीती घालण्यासाठी सांगितला जाणारा बागुलबुवा होता, पण खेळात आल्यावर तो केवळ मोठ्या आकाराचा, केसाळ गॉब्लिन होऊन बसला. १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत तर चित्रकाराने वर्णन शब्दशः घेऊन त्याला भोपळ्याचे डोके काढले होते. आता बगबेअर वॉरियर आधी पकडतो, आणि पकडलेल्याला ओढत नेताना त्याचा वेग कमी होत नाही. पळवून नेण्याच्या या वैशिष्ट्याचे नावच अ‍ॅबडक्ट आहे. अंधारातून लांब हात येतो, टोळीतला एक जण गडप होतो आणि बाकीचे त्याच्या आवाजामागे धावतात. बागुलबुवाला त्याचे मूळ काम परत मिळाले.

हॉबगॉब्लिनबाबत मात्र मी साशंक आहे. लोककथेत हॉबगॉब्लिन हा घरगुती, लहानखुरा, बहुधा निरुपद्रवी खोडकर होता; शेक्सपिअरचा पक या नावानेही ओळखला जातो. टॉल्कीनने 'द हॉबिट'मध्ये त्याला गॉब्लिनांहून मोठा ठरवले, आणि हे मूळ परंपरेच्या उलट झाले हे त्याने नंतर स्वतःच मान्य केले. खेळाने टॉल्कीनचा हा उलटा क्रम उचलला आणि त्यातून शिस्तबद्ध, कवायती, बिरुदे मिरवणारे लष्कर उभे केले. हे लष्कर कल्पना म्हणून उत्तम आहे, पण ते लोककथेतून आलेले नसल्यामुळे त्यावर चढवलेला परीलोकाचा मुलामा नीट बसत नाही. २०२२ च्या पुस्तकात उपकाराची परतफेड करण्याचा एक परीलोकी नियम हॉबगॉब्लिनांना दिला होता, आणि त्या धाग्यावर बरेच काही विणता आले असते. येथे तो सैल सोडला आहे.

आता ऑर्क. पुस्तक वर्णानुक्रमे लावलेले आहे. ऑर्क जिथे असायला हवा तिथे तो नाही. २०१४ च्या आवृत्तीत ऑर्क, ऑर्क वॉर चीफ, ऑर्क आय ऑफ ग्रूम्श आणि ओरोग अशा चार नोंदी होत्या. आता एकही नाही. अखेरीस एक तक्ता आहे, त्यात जुन्या नोंदींऐवजी नव्या कोणत्या वापराव्यात हे दिले आहे, आणि ऑर्कऐवजी कोणत्याही कुळाच्या माणसाला लागू पडतील अशा सर्वसाधारण नोंदींकडे बोट दाखवले आहे. ऑर्क सप्टेंबर २०२४ च्या 'प्लेयर्स हँडबुक' या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात गेले, तिथे ते खेळाडूंना निवडता येणारे एक कुळ आहेत. आणि जे कुळ खेळाडूचे होऊ शकते त्याला राक्षसांच्या यादीत वेगळे स्थान नको, अशी त्यामागची भूमिका आहे. भूगर्भात राहणाऱ्या ड्राऊ एल्फांच्या बाबतीतही हेच झाले.

ही भूमिका का घेतली गेली हे समजण्यासाठी ऑर्कचा प्रवास थोडा सविस्तर पाहावा लागेल. 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी काव्याच्या ११२ व्या ओळीत बायबलमधल्या भ्रातृहंत्या केनच्या वंशातून निपजलेल्या दुष्ट जीवांची नावे येतात, त्यांत 'ऑर्कनेआस' हे एक आहे. त्यांचे रूप कसे, ते काय करतात, याबद्दल काव्य काहीही सांगत नाही. टॉल्कीनने हे नाव उचलले, आणि त्यात मॅकडोनाल्डच्या भूमिगत गॉब्लिनांचे रूप ओतले; मऊ पायांवर आपला कधीच विश्वास बसला नाही, एवढे सोडून आपण त्या परंपरेचे ऋणी आहोत, असे त्याने १९५४ च्या एका पत्रात लिहिले आहे. १९३७ च्या 'द हॉबिट'मध्ये त्यांना प्रामुख्याने गॉब्लिन म्हटले आहे, १९५४-५५ च्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये प्रामुख्याने ऑर्क. त्याच्या लेखी हे दोन वेगळे वंश नव्हते.

टॉल्कीनपुढे जो प्रश्न उभा राहिला तोच आज या पुस्तकापुढेही आहे: हे जीव आले कुठून? सुरुवातीच्या कथांत ते जमिनीच्या उष्णतेतून आणि चिखलातून घडवले गेले होते. पुढे ते छळून विद्रूप केलेले एल्फ झाले, कारण दुष्ट शक्तीला स्वतःहून जीव निर्माण करता येत नाही अशी त्याची श्रद्धा होती. उत्तरायुष्यात त्याचे मन माणसांपासून झालेल्या उत्पत्तीकडे वळले होते. या प्रश्नाचा अंतिम निकाल त्याने कधीच लावला नाही, आणि मला वाटते की तो लावता येण्यासारखा नव्हता. ज्याला भाषा आहे, ज्याला भीती वाटते, जो तक्रार करतो, त्याला जन्मतः दुष्ट ठरवणे ही गोष्ट त्याच्या श्रद्धेत बसत नव्हती आणि त्याच्या कथेला मात्र हवी होती. 'द टू टॉवर्स'च्या शेवटी शाग्रात आणि गोरबाग हे दोन ऑर्क तुकडीप्रमुख बोलत बसतात तो प्रसंग आठवा. वरिष्ठांबद्दल कुरकुर, युद्ध कधी संपेल याची चिंता, आणि मग थोडी भरवशाची पोरे घेऊन कुठेतरी निघून जावे, जिथे डोक्यावर मोठे साहेब नसतील, असे स्वप्न. लूट त्या स्वप्नातही आहे, ते सज्जन झालेले नाहीत. पण ते जित्याजागत्या माणसांसारखे बोलतात, आणि त्या संभाषणानंतर त्यांना केवळ तलवारीचे खाद्य मानणे वाचकाला अवघड जाते. त्याच टॉल्कीनने १९५८ च्या एका पत्रात ऑर्कांचे रूप वर्णन करताना मंगोल चेहऱ्यांची अवमानकारक उपमा वापरली, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी वारशात आल्या.

खेळाने या वारशाचे काय केले? १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आले तेव्हा टॉल्कीनमध्ये एक असलेले ऑर्क आणि गॉब्लिन दोन झाले, आणि पुढे तर त्यांची चढती शिडी तयार झाली. १९७७ च्या पहिल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये कोबोल्डला अर्धा हिट डाइस (ताकदीचे माप), गॉब्लिनला एकाहून किंचित कमी, ऑर्कला पूर्ण एक, हॉबगॉब्लिनला एकाहून किंचित अधिक, आणि बगबेअरला तीनाहून अधिक. ही व्यवस्था व्यवहाराची होती: खेळाडू जसजसे बलवान होतील तसतसा पुढचा शत्रू हवा. त्याच पुस्तकात डेव्हिड सदरलँडने ऑर्कला डुकराचे तोंड दिले. पाश्चात्त्य चित्रांतून ते नंतर मागे पडले, पण जपानी खेळांत आणि कथांत आजही टिकून आहे. हिरवा रंग रूढ केला तो १९८३ पासूनच्या 'वॉरहॅमर' या युद्धखेळाने. त्याच घराण्यातल्या 'वॉरहॅमर ४०,०००'मध्ये पुढे ऑर्क बुरशीसारखे बीजाणूंतून उगवू लागले, म्हणजे त्यांना बायका नाहीत, मुले नाहीत, लढाई हाच त्यांचा निसर्ग. वंशाचा नैतिक प्रश्न टाळण्याची ही एक चतुर वाट होती. दुसरी वाट 'वॉरक्राफ्ट' या संगणकीय खेळाने घेतली. १९९४ च्या पहिल्या खेळात ऑर्क आक्रमक होते. २००२ च्या तिसऱ्या खेळात थ्रॉल हा माणसांच्या कैदेत वाढलेला ऑर्क आपल्या लोकांचा नेता झाला, आणि त्यांच्या रक्तपिपासेमागेही सैतानी रक्ताच्या शापाची कथा आली. ऑर्कला भूतकाळ मिळाला, पश्चात्ताप मिळाला, मायभूमी मिळाली. त्यानंतर ज्यांनी कल्पनारम्य साहित्य वाचायला घेतले त्यांच्यासाठी ऑर्क हा नायकही असू शकतो, यात नवल उरले नाही.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'जवळ स्वतःची कथाही होती, आणि ती दुबळी नव्हती. रॉजर मूर याने १९८२ मध्ये 'ड्रॅगन' मासिकात लिहिलेल्या पुराणकथेत देव सृष्टीची वाटणी करतात. ड्वार्फांना डोंगर मिळतात, एल्फांना अरण्ये, आणि ऑर्कांचा एकाक्ष देव ग्रूम्श याची पाळी येते तेव्हा काहीही उरलेले नसते. बाकीचे देव हसतात. तो संतापून आपला भाला जमिनीत खुपसतो आणि म्हणतो की मग माझे लोक सर्वांकडून हिसकावून घेतील. ही कथा ऑर्कांच्या तोंडची आहे, त्यांच्या रागाला कारण देणारी आहे, आणि ती खरी की आत्मसमर्थन हे ठरवण्याची मोकळीक ऐकणाऱ्याला आहे. २०१६ च्या 'व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स'मध्ये या कथेवर एक संपूर्ण समाज रचला होता. ऑर्कांच्या वस्तीत कोण कुठे राहतो हे त्यांच्या देवांवरून ठरते: लुथिकच्या उपासक स्त्रिया पिलांची आणि घराची राखण करतात, मृत्यूचा देव युर्ट्रस याचे पांढऱ्या हातांचे सेवक वस्तीच्या कडेला राहतात आणि बाकीचे त्यांच्यापासून अंतर राखतात. त्याच पुस्तकात गॉब्लिनांच्या टोळीतल्या जाती होत्या, आणि निलबॉगही होता: गॉब्लिनाच्या अंगात शिरणारा एक उलट्या काळजाचा आत्मा, ज्याला मारले तर त्याची जखम भरून येते, आणि ज्याच्यावर हल्ला करू पाहणाऱ्याच्या तोंडून त्याची स्तुती बाहेर पडते. त्याच्या भीतीने गॉब्लिन टोळ्या एक विदूषक नेमून ठेवतात आणि त्याला वाटेल ते करू देतात. नव्या पुस्तकातल्या चार गॉब्लिनांत निलबॉग नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

पण 'व्होलोज गाइड'मधला दोषही तितकाच स्पष्ट होता. ऑर्क खेळाडूला बुद्धिमत्तेत उणे दोन दिले होते, आणि ऑर्कांना सुधारता येते पण रक्तातली हिंसा जात नाही अशा धाटणीचे लेखन त्यात होते. परके लोक जन्मतः मठ्ठ आणि हिंस्र असतात, हे जगात खऱ्या माणसांबद्दल कितीदा म्हटले गेले आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ती वाक्ये खेळ म्हणून सोडून देता येत नाहीत. जून २०२० मध्ये प्रकाशकांनी ऑर्क आणि ड्राऊंच्या चित्रणातला हा दोष जाहीरपणे मान्य केला, त्याच वर्षी बुद्धिमत्तेतली वजाबाकी काढली गेली, २०२१ च्या अखेरीस मजकुरातले परिच्छेद गाळले गेले, आणि २०२२ मध्ये त्या पुस्तकाची डिजिटल विक्रीही थांबली. या प्रत्येक पावलामागची नैतिक जाणीव मला योग्य वाटते.

माझा आक्षेप त्यानंतरच्या पावलावर आहे. दोषी कथा काढली, तर तिच्या जागी चांगली कथा यायला हवी होती. 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये ऑर्कांना मिळालेली जागा तुटपुंजी आहे: अंधारात १२० फुटांपर्यंत दिसणे, जोमाने धाव घेणारा अ‍ॅड्रेनलिन रश, कोसळण्याच्या क्षणी एका हिट पॉइंटवर तग धरणारा रिलेंटलेस एंड्युरन्स, आणि ग्रूम्शबद्दल थोडके शब्द. नियम म्हणून ही वैशिष्ट्ये छान आहेत, पण ऑर्क कुठे राहतात, कशावर भांडतात, कोणाशी सोयरीक करतात, त्यांची गाणी कसली, यांबद्दल नव्या डंजन मास्टरला कुठेच काही मिळत नाही. त्यात तर्काची विसंगतीही आहे. गॉब्लिन, हॉबगॉब्लिन, बगबेअर ही कुळेही २०१६ पासून खेळाडूंना निवडता येतात, तरी त्यांच्या नोंदी आहेत, कारण त्यांना फे ठरवले. कोबोल्ड आता ड्रॅगन वर्गात गेले, तरसासारख्या तोंडाचे नोल फीन्ड, म्हणजे सैतानी, वर्गात गेले. म्हणजे जो ह्युमनॉइड राहिला त्याची नोंद गेली, आणि ज्याचा वर्ग बदलला तो शत्रू म्हणून कायम राहिला. बोलणाऱ्या, कुटुंब असणाऱ्या जीवाला मारणे योग्य कधी, हा प्रश्न वर्गाचे नाव बदलून सुटत नाही; तो फक्त दुसऱ्या पानावर सरकतो. गॉब्लिनांच्या बाबतीत हा बदल यशस्वी झाला तो लोककथेच्या जुन्या पुण्याईमुळे. ऑर्कांना तशी लोककथा नाही, त्यांच्यापाशी आहे ती 'बेओवुल्फ'मधली एक ओळ आणि विसाव्या शतकातल्या लेखकांनी त्यावर रचलेले इमले. अशा जीवाला तर लेखकाची गरज सर्वांत जास्त असते.

आणि हे अशक्य नव्हते, कारण याच खेळाच्या घरात त्याचा दाखला आहे. कीथ बेकरच्या २००४ च्या 'एबेरॉन' या विश्वात ऑर्क हे जगातल्या सर्वांत जुन्या ड्रुइडांचे, म्हणजे निसर्गपूजक पुरोहितांचे, वारस आहेत. व्हराक नावाच्या काळ्या ड्रॅगनने त्यांना विद्या दिली, आणि गेटकीपर्स या पंथाने परक्या विश्वातून आलेल्या डेलकीरांना पाताळात कोंडून जग वाचवले. त्याच विश्वात गॉब्लिनांच्या ढाकान साम्राज्याचे भग्नावशेष माणसांच्या नगरांखाली दडलेले आहेत. तिथेही ऑर्क लढतात, भावनांच्या भरात वाहून जातात, शेजाऱ्यांशी त्यांचे पटत नाही. पण त्यांच्याशी लढायचे तर काही कारण लागते, आणि ते कारण कथेतून येते. अशा दोन-तीन परंपरांचा गोषवारा देणारी दोन पाने, सोबत सरदार, पुजारी आणि रक्षक अशा तीन नोंदी, एवढे जरी या ३८४ पानांत असते तरी माझी तक्रार राहिली नसती.

बाकीच्या बाजू थोडक्यात. प्रत्येक जीवाच्या शीर्षकाखाली तो कुठे आढळतो आणि त्याच्यापाशी कोणत्या प्रकारची संपत्ती सापडते हे एका ओळीत दिल्यामुळे तयारीचा वेळ वाचतो. चित्रे जीवांना प्रसंगात दाखवतात, नुसते उभे करत नाहीत. वर्णनाचा मजकूर मात्र जवळजवळ सर्वत्र २०१४ पेक्षा आखूड झाला आहे आणि त्याची जागा फासे टाकून कल्पना निवडण्याच्या छोट्या तक्त्यांनी घेतली आहे. ऐन वेळी त्यांचा उपयोग होतो, पण रात्री निवांत वाचत बसावे असे हे पुस्तक राहिलेले नाही.

घ्यावे की नाही? पहिल्यांदाच डंजन मास्टर होणाऱ्याने जरूर घ्यावे. गॉब्लिनांची टोळी, बगबेअरचा अंधार आणि हॉबगॉब्लिनांची पलटण एवढ्यावरच पहिल्या चार-पाच लेव्हल सहज पार पडतील. आधी नियम तपासून पाहायचे असतील तर एप्रिल २०२५ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुल्या झालेल्या नियमसंहितेत गॉब्लिन मिनियन, वॉरियर आणि बॉस यांच्या नोंदी विनामूल्य मिळतात. ज्यांच्याकडे २०१४ चे पुस्तक आहे आणि ज्यांच्या कॅम्पेनमध्ये ऑर्क महत्त्वाचे आहेत, त्यांनी जुनी प्रत मुळीच काढून टाकू नये. तिच्यातल्या ऑर्कच्या नोंदी नव्या नियमांसोबत विनासायास चालतात. नव्याच पुस्तकावर भागवायचे असेल तर साध्या योद्ध्यासाठी टफ आणि म्होरक्यासाठी ग्लॅडिएटर ही नोंद घ्यावी, तिला अ‍ॅड्रेनलिन रश आणि रिलेंटलेस एंड्युरन्स जोडावे, आणि लढाई सुरू होण्याआधी त्या टोळीला इथे यावे लागण्याचे एक कारण वहीत लिहून ठेवावे: हिवाळ्यात बंद झालेली खिंड, फितवलेला पुजारी, ओलीस असलेली पोरे, काहीही. हेच काम पुस्तकाने आपल्यासाठी करायला हवे होते. पुढच्या पुरवणीत ते केले जावे, अशी माझी प्रकाशकांना कळकळीची विनंती आहे.